दिगंबर टेंभुर्णेची माफी

रुबिनाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा दत्ताअण्णा माइकसमोर उभे राहून शिंकत होते. दिगंबर टेंभुर्णेला सर्दी झाल्याचा भाग होता आणि काचेपलीकडून रुबिना त्यांना पुन्हा पुन्हा शिंकायला लावत होती. "अण्णा, ही घरातली शिंक झाली. मला साहेबांसमोर दाबलेली शिंक पाहिजे." अण्णा मान डोलावत, नाक चिमटीत धरत आणि दाबलेली शिंक काढत. मी शेजारच्या माइकवर हसू आवरत उभी होते. मग रुबिनानं फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. काचेमुळे आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. नुसते ओठ दिसत होते. अब्बा, अब्बा, एवढंच ती म्हणत होती.

'टेंभुर्णे आणि कंपनी' हे कार्टून तेव्हा चौदाव्या वर्षात होतं. दर रविवारी सकाळी लागायचं. नगरपालिकेत कारकून असलेला दिगंबर, त्याची बायको सुमन, दोन मुलं आणि ऐकू न येणारी आत्याबाई. सुमनचा आवाज माझा. मी सुरुवात केली तेव्हा पस्तिशीची होते. पुढे माझे केस पिकले, पण सुमनची वेणी तशीच काळीभोर राहिली आणि तिचा धाकटा अजून चौथीतच होता. दिगंबर म्हणजे दत्ताराम इंगवले, आमचे दत्ताअण्णा. कोल्हापुरात हौशी नाटकं केलेला, बँकेतून निवृत्त झालेला, बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. रस्त्यात त्यांना कुणी ओळखत नसे. पण भाजीवाल्याशी बोलताना चुकून दिगंबरचा सूर लागला की अख्खी मंडई मागे वळून बघायची. नाकातून निघून घशात अडखळणारा आणि वाक्य संपता संपता फाटणारा तो आवाज. नुसतं "आलो" म्हटलं तरी माणसं हसायची.

रुबिना मुजावर लिहायला आली आणि कार्टूनचा नूर बदलला. त्याआधी नुसती धमाल असायची. रुबिनानं हळूच एकेक विषय आत सरकवला. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कामवाल्या बायकांना बंदी, मतदार यादीतून गायब झालेली आत्याबाई, हुंड्याला हुंडा न म्हणता 'मुलीच्या हौसेचं' म्हणणारे पाहुणे. लोक हसायचे, वर्तमानपत्रं कौतुक करायची. पुढारीसुद्धा हसायचे. एका मंत्र्यांनी तर स्वतःची टिंगल झालेला भाग आवडला म्हणून स्टुडिओत पेढे पाठवले होते. त्यामुळे आपलं कुणाला लागत असेल असं आमच्या मनातही येत नसे.

त्या फोनच्या आदल्या रविवारी लागलेला भाग पाण्याचा होता. रुबिनाचं माहेर एका नदीकाठच्या गावात. गावाचं नाव मी घेत नाही. साखर कारखाना आहे, नगरपालिका आहे, एवढं पुरे. तिथं त्या उन्हाळ्यात दोन गल्ल्यांमध्ये काविळीची साथ आली होती. गटाराची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन एकाच चरात टाकलेली, दोन्ही गंजलेल्या. माणसं दगावली होती. रुबिनानं गावाचं नाव न घेता ते सगळं लिहिलं. दिगंबर गढूळ पाण्याची बाटली घेऊन नगराध्यक्षांकडे जातो, आणि काळा गॉगल घातलेले नगराध्यक्ष त्याला म्हणतात, "रंगीत टीव्ही आला तेव्हा तक्रार केलीस का? मग रंगीत पाण्याची का करतोस?" रेकॉर्डिंगच्या वेळी या वाक्यावर आम्ही इतके हसलो की दोनदा थांबावं लागलं.

तिच्या गावात दौलतबापू कणसे नावाचे पुढारी होते. नगरपालिका वर्षानुवर्षं त्यांच्याच ताब्यात. ते काळा गॉगल घालायचे. चित्रकारानं ते मुद्दाम केलं होतं की योगायोगानं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण गावानं ओळखलं. पानटपरीवर पोरं बापूंच्या माणसांना 'रंगीत पाणी' म्हणून चिडवायला लागली. आणि मग चाळीसेक जण रुबिनाच्या माहेरच्या दारात गेले, गटारातला गाळ बादल्यांनी आणून दारावर ओतला, आणि बाहेर आलेल्या मुजावर सरांना, म्हणजे तिच्या वडिलांना, त्यात पाडलं. सरांनी त्या गावात तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. पाडणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी होते. फोनवर सर तेच सांगत होते, नावं घेऊन.

दोन दिवसांत बापूंचा निरोप आला. आमचे निर्माते किणी यांनी सगळ्यांना बोलावून तो वाचून दाखवल्यासारखा सांगितला. लिहिणाऱ्या बाईनं गावात यायचं, बाजार समितीच्या मैदानावर सभेत सगळ्यांसमोर माफी मागायची. नाहीतर पोलिसात तक्रार तयार आहेच, शिवाय गावात काय होईल त्याची हमी बापू देऊ शकत नाहीत. गावात आता पाण्याची चर्चा मागे पडली होती. लिहिणारीचं आडनाव काय, तिला आमच्या गावाची बदनामी करायला कुणी सांगितलं, असं बोलणं सुरू झालं होतं.

रुबिना म्हणाली, जाते. अब्बा-अम्मी तिथंच आहेत, दुसरा इलाज नाही. किणींना सुटल्यासारखं झालं हे दिसत होतं. चॅनेलचाही त्यांच्यामागे लकडा होता, प्रकरण मिटवा म्हणून.

अण्णा इतका वेळ कोपऱ्यात थर्मासमधला चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "ही जाणार नाही."

किणींनी विचारलं, मग कोण जाणार.

"मी जातो. टीव्हीवर बोलला तो दिगंबर. माफी त्यानं मागायची."

रुबिना म्हणाली, "अण्णा, शब्द माझे होते."

"शब्द कुणाला आठवतायत? आवाज आठवतो. आणि मला त्या मैदानावर कोण ओळखतंय? आवाज माफी मागेल, मी घरी येईन."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की ते खरंच तितकं सोपं आहे असं आम्हाला वाटलं. किणींनी तिकडे कळवलं. बापूंना कल्पना फारच आवडली. खुद्द दिगंबर टेंभुर्णे माफी मागणार म्हटल्यावर पोराबाळांसकट गाव लोटेल. दुसऱ्या दिवशी गावात फलक लागले. त्यावर दिगंबरचं चित्र होतं, हात जोडलेलं. आमच्याच एका जुन्या भागातलं.

मी अण्णांबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांची बायको वारलेली, मुलगी साताऱ्याला. इतक्या वर्षांत माइकसमोर मी त्यांना इतक्यांदा "अहो, डबा विसरलात" म्हटलं होतं की त्या दिवशी त्यांना एकट्यानं जाऊ देणं मला जमण्यासारखं नव्हतं. गाडीत ते एवढंच म्हणाले, की मुजावर सरांचं घर आधी बघायचं.

घराला कुलूप होतं. सर आणि अम्मी मिरजेला नातेवाइकांकडे गेले होते. दारावरचा गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. आम्हाला तिथं उभं असलेलं पाहून समोरच्या घरातून एक बाई आली. साठीची असेल, सुकलेली, नाकात मोरणी. अनुसया वायदंडे असं नाव तिनं सांगितलं. मुजावर सरांनी तिच्या दोन्ही पोरांना फी न घेता शिकवलं होतं आणि त्या दिवशी गाळातून सरांना तिनंच उठवून बसवलं होतं. तुम्ही कोण, असं तिनं विचारलं, तेव्हा अण्णांनी सांगितलं की मी त्या कार्टूनमध्ये आवाज देतो. ती म्हणाली, आमच्यात टीव्ही नाही.

मग तिनं ओट्यावर आमच्यासाठी गोधडी अंथरली. आम्ही बसलो. जरा वेळानं ती म्हणाली, "पाणी इचारत न्हाई तुमास्नी. हितलं पिऊ नगासा."

तिची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. आधी अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं; ती वाटेतच बेशुद्ध झाली. पोटातल्या लेकरासकट गेली. अनुसयाबाईंनी हे सगळं सांगताना आवाज चढवला नाही की पदर डोळ्याला लावला नाही. लेक गेल्यापासून आपण लांबच्या विहिरीवरून पाणी आणतो आणि नळाचं नुसतं भांड्यांना वापरतो, असं त्या म्हणाल्या.

अण्णांनी नळाचं पाणी बघू का, असं विचारलं. अनुसयाबाईंनी घागर दाखवली. वरून पाणी नितळ दिसत होतं, तळाशी पिवळसर साका होता. अण्णांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मी त्यांच्यावर ओरडले. ते बराच वेळ तोंड वाकडं करून बसून राहिले आणि मग ओट्यावरून उतरून थुंकले.

मैदानावर बापूंनी आमचं अगदी आगतस्वागत केलं. मंडपाच्या मागं खुर्च्या, चहा, काजूची बिस्किटं. अण्णांना त्यांनी 'कलाकार' म्हणून हाक मारली, तब्येत विचारली, आमच्या नातवंडांना तुमचं फार वेड आहे म्हणाले. माफीनंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही ठेवला होता. मग त्यांच्या माणसानं एक कागद दिला. मी दिगंबर टेंभुर्णे, या गावाची आणि दौलतबापूंची हात जोडून माफी मागतो, मी पाण्याविषयी खोटं बोललो, इथलं पाणी शुद्ध आहे. अण्णांनी तो एकदा वाचला, घडी करून परत दिला आणि पाठ झालं म्हणाले.

ऊन कलतं झालं होतं. पुढं जमिनीवर मुलं बसली होती, त्यांच्या मागं एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. मला मंचाच्या कडेला, खाली पायऱ्यांपाशी खुर्ची दिली होती. अण्णा माइकसमोर गेले तेव्हा सगळीकडे कुजबुज झाली, हा कोण म्हातारा, दिगंबर कुठाय. अण्णांनी हात जोडले.

"मी दिगंबर टेंभुर्णे."

मैदानात हशा पिकला. शिट्ट्या, टाळ्या, मुलं उड्या मारायला लागली. अण्णा थांबले, हसू ओसरल्यावर पुढचं बोलले, पण प्रत्येक वाक्याला हशा येत होता. सगळं म्हणून झालं. बापूही हसत होते. पण त्यांच्या शेजारचा माणूस त्यांच्या कानाशी लागला, आणि बापूंनी मान हलवली. माफी कुणाला ऐकूच गेली नव्हती. बापूंनी अण्णांना पुन्हा म्हणायला सांगितलं, जरा गांभीर्यानं.

अण्णांनी पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश. त्यानं आणखी घात झाला. "इथलं पाणी शुद्ध आहे" म्हणताना शेवटच्या शब्दावर आवाज फाटला, नेहमी फाटायचा तसाच, आणि ती थाप आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं असं ते वाक्य बाहेर पडलं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी "रंगीत पाणी" असं ओरडलं. मोठी माणसं पोट धरून हसत होती. बापूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

माझ्या खुर्चीपाशी उभा असलेला माणूस खाली वाकून म्हणाला, "बाई, तुमचा माणूस मुद्दाम करतोय."

मी सांगितलं की मुद्दाम नाही, तो आवाजच तसा आहे. चौदा वर्षं तो हसवण्यासाठीच काढलाय, आता एका दिवसात कसा बदलेल. स्वतःच्या आवाजात म्हणू द्या त्यांना. तो म्हणाला, मग त्याला काय किंमत.

तिसऱ्या वेळी अण्णांना गुडघ्यांवर बसायला सांगितलं. कान धरून. सत्तरीला आलेला माणूस मंचाच्या फळीवर हात टेकत टेकत खाली बसला आणि त्यानं कान धरले. माइक खाली आणला गेला. पुढं बसलेल्या मुलांना वाटलं हा खेळच आहे. त्यातल्या काहींनी आपापले कान धरले आणि गुडघ्यांवर उभी राहून ती अण्णांबरोबर "मी दिगंबर टेंभुर्णे" म्हणायला लागली, खिदळत. अण्णांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. माइकसमोर चूक झाली की ते जसे कपाळाला आठी घालून परत प्रयत्न करायचे, तसेच दिसत होते. जणू आपल्याकडूनच काही जमत नाहीये.

तेव्हा बापूंनी माइक स्वतःकडे घेतला. गॉगल काढला. "ही करमणूक नाही," ते म्हणाले. "आता कोण हसतंय ते मी बघणार आहे. त्याच्या घरी मी स्वतः येईन." त्यांची माणसं मंचावरून उतरली आणि मुलांच्या रांगांमध्ये जाऊन उभी राहिली. मैदान हळूहळू गप्प झालं. एक बारकी मुलगी अजून हसत होती. तिच्या आईनं पुढं सरकून तिच्या तोंडावर हात ठेवला.

चौथ्यांदा अण्णा उभे राहून बोलले, आणि कुणीच हसलं नाही. तो आवाज मी शांततेत कधी ऐकलाच नव्हता. स्टुडिओतसुद्धा पलीकडे कुणीतरी हसत असायचंच. आता तोच फाटका आवाज नुसता एकटा मैदानावरून जात होता. बाजूच्या जनरेटरचा घरघराट तेवढा ऐकू येत होता.

बापूंना हवं ते मिळालं होतं. त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण त्यांनी खूण केली आणि ताटात तांब्या आणि दोन फुलपात्री आली. "आत्ता इथल्या नळाचं भरून आणलंय," ते माइकवर म्हणाले. एक फुलपात्रं त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर गटागटा पिऊन दाखवलं आणि दुसरं अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांनी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. मग ते आश्चर्यानं बापूंकडे वळले, आणि दिगंबरच्या आवाजात, साहेबांची चूक अदबीनं दाखवणाऱ्या त्या कारकुनाच्या आवाजात, माइकवर म्हणाले,

"बापू, हे बाटलीतलं आहे हो."

कुणी हसलं नाही. हसायला बंदीच होती. मुलांच्या रांगांमध्ये माणसं अजून उभी होती आणि वाक्य सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन शेवटच्या माणसापर्यंत पोचलं.

बायकांमधून अनुसयाबाई उठल्या. मला तोवर त्या दिसल्याही नव्हत्या. मुलांच्या मधून वाट काढत त्या मंचापाशी आल्या आणि हात वर केला. अण्णांनी वाकून फुलपात्रं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग उरलेलं पाणी प्यायल्या.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "वास न्हाई ह्येला."

फुलपात्रं त्यांनी मंचाच्या कडेवर ठेवलं आणि मंचाकडे पाठ करून चालायला लागल्या. त्यांच्या गल्लीतल्या दोघी-तिघी उठल्या. मग आणखी. कुणी घोषणा दिली नाही, कुणी वळून बघितलं नाही. बायकांची बाजू बघता बघता रिकामी व्हायला लागली, आया मुलांना दंडाला धरून ओढत नेत होत्या. कुणीतरी माइकची वायर काढली.

अण्णांना दोघांनी धरून मंडपामागं नेलं. मी पायऱ्यांवरून धावले, मला एकानं हाताला धरून खुर्चीत परत बसवलं, अगदी शांतपणे, "बसा बाई" म्हणत. कनातीच्या खालच्या फटीतून मला अण्णांच्या चपला दिसत होत्या आणि त्यांच्याभोवती बऱ्याच जणांचे पाय. फार वेळ नाही. मारणाऱ्यांतला एकजण सारखा तेच म्हणत होता, "परत बोल. त्या आवाजात परत बोल." मग काहीतरी कडक वस्तू ओली फांदी मोडावी तशा आवाजानं लागली आणि पाय पांगले.

आमच्या ड्रायव्हरनं आणि मी त्यांना गाडीत घातलं. बाकीचा मार मुका होता, पण एक फटका गळ्यावर बसला होता. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. वाटभर मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होते, घाबरून. सांगलीला पोचल्यावर डॉक्टरांनी आधी गळ्याला भोक पाडून नळी घातली, म्हणून जीव वाचला. स्वरयंत्र चिरडलं होतं. शस्त्रक्रिया दोन झाल्या. बोलता येईल, डॉक्टर म्हणाले, पण कुजबुज म्हणण्याइतपतच.

पुढं सगळं झालं ते थोडक्यात सांगते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार अण्णा मंचाच्या पायऱ्यांवरून पडले. मी जे पाहिलं ते सांगितलं. पण मी कनातीखालून नुसते पाय पाहिले होते, तोंडं नाही, आणि वकिलानं तेवढंच धरून ठेवलं. खटला चालला आणि सगळे सुटले. दौलतबापू पुढच्या निवडणुकीत पुन्हा आले. अनुसयाबाई आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका पावसाळाभर नगरपालिकेच्या दारात घागरी घेऊन बसत होत्या. शेवटी त्यांच्या गल्लीची लाइन बदलली. शेजारच्या गल्लीची राहिली ती राहिलीच. मुजावर सर मिरजेहून परत गेले नाहीत, घर आलं त्या भावात विकलं. रुबिनानं लिहिणं सोडलं नाही, पण आमच्याकडे ती पुन्हा आली नाही.

कार्टून चालू राहिलं. चॅनेलनं स्पर्धा घेऊन एक तरुण नकलाकार निवडला. हुबेहूब आवाज काढायचा. शिंकसुद्धा. प्रेक्षकांना फरक कळलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला माझ्या हातात नवीन भाग आला. नगरपालिकांच्या कुठल्याशा संघानं तो पुरस्कृत केला होता. त्यात दिगंबरच्या धाकट्याला कावीळ होते, डॉक्टर विचारतात पाणी उकळून पिता का, दिगंबर मान खाली घालतो, आणि सुमन म्हणते, "चूक आपलीच आहे हो." वाक्य एवढंच होतं. मी ते माइकसमोर वाचलं, मनातल्या मनात, दोनदा. मग हेडफोन काढून ठेवला आणि किणींना सांगितलं की हे सुमन म्हणणार नाही. किणी म्हणाले, कुंदाताई, पाणी उकळून प्यावं हे काय खोटं आहे का. खोटं नव्हतंच. मी पर्स उचलली. पुढच्या रविवारी सुमनच्या तोंडून ते वाक्य आलं, दुसऱ्या बाईच्या आवाजात. तीही चांगली करायची.

अण्णा साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले. मी वर्षा-दोन वर्षांनी जाऊन यायचे. ते बोलणं टाळत, पाटीवर लिहीत. शेवटची गेले त्या दुपारी मुलगी कामावर होती. चहा मीच केला. गळ्यावरचा व्रण झाकायला ते गरम असूनही मफलर गुंडाळून बसले होते. इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते मी त्या दिवशी विचारलं. ते वाक्य बोलायचं, हे आधी ठरवलं होतं का.

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. मी खुर्ची जवळ ओढली.

"छे," ते कुजबुजले. "माफी मागायची आणि गाडीत बसायचं. भीती वाटत होती मला." ते दम घ्यायला थांबले. "घोट घेतला. घागरीतली ती चव जिभेवर होती अजून. आणि दिगंबर बोलून गेला."

मी म्हटलं, आता नका बोलू. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"चौदा वर्षं आपण सांगत होतो. लोक हसायचे. बरं वाटायचं मला, नाही असं नाही." पुन्हा श्वास. "त्या दिवशी मात्र हसले नाहीत. तू खाली होतीस, तुला सगळे दिसत होते. खरंच कुणी हसलं नाही ना?"

"नाही, अण्णा."

ते म्हणाले, "दम दिला होता म्हणून?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं ते त्यांच्या उरल्यासुरल्या आवाजात.

"आधी दम होता म्हणून," मी म्हटलं. "अनुसयाबाई उठल्या त्यानंतर नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, काचेपलीकडून रुबिनानं 'घेतलं, झालं' अशी खूण केल्यावर हलवायचे तशी. मी त्यांचा कप त्यांच्या हातात दिला.